अक्का, तुमच्या आजोबांना कुणी मारलं नाही

अक्का,

तुमचे डोळे मीच मिटले. नर्सच्या नोकरीत हे काम किती वेळा केलं असेल, हाताला सवय आहे. पण तुमच्या पापण्यांवर बोटं ठेवली आणि ती तशीच राहिली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "सिस्टर, कोण होत्या तुमच्या?"

मी म्हणाले, "आमच्या बाई होत्या. धुळ्याला शिकवायच्या."

एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायला तिथे जागा नव्हती, आणि खरं म्हणजे मला ते सांगता आलंही नसतं.

आता जळगावात असं ऊन आहे की दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. कूलरच्या आवाजाखाली सगळं गाव झोपलेलं असतं. तुमच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. परवा ड्यूटी सुटल्यावर तुळशीला पाणी घालायला गेले होते. वाकून पाणी घालत होते तेव्हा दाराबाहेर कुणीतरी खोकलं. तुम्ही खोकायचात तसं, दोनदा, आत येऊ का विचारल्यासारखं. मी दार उघडलं. गॅलरीत ऊन पसरलेलं होतं, जिन्यात कुणी नव्हतं, खालच्या मजल्यावरच्यांचं दार बंद होतं. मी दार उघडंच ठेवून आत येऊन बसले. भीती वाटली का? वाटली. पण दार लावून घ्यायचं मनात आलं नाही. तुमच्या घराण्यात तीन पिढ्या दारं फार लागली होती.

होस्टेलमध्ये आम्ही मुली तुमच्या त्या खोकल्याला हसायचो. एवढ्या रेक्टरबाई, इतिहासाच्या बाई, अख्खं होस्टेल ज्यांना टरकून असायचं, त्या मुलींच्या खोलीत येताना दारात खोकून उभ्या राहायच्या. कुणीतरी "या अक्का" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायच्या नाहीत. आणि वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबून विचारायच्या, "मागे दिसतेय ना मी?" आम्हाला वाटायचं, फळ्याबद्दल विचारताहेत.

नववीत तुम्ही फ्रान्सची राज्यक्रांती शिकवलीत तो तास मला अजून आठवतो. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. एका बाजूला कारणे, दुसऱ्या बाजूला परिणाम. पाव महागला, खजिना रिकामा झाला, वरच्यांना कर माफ, खालच्यांच्या मानेवर सगळा भार. आम्ही उतरवून घेत होतो. मग तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "परीक्षेत एवढं लिहा, मार्क पडतील. पण एक लक्षात ठेवा. राजाचं डोकं उडवणं सोपं असतं. डोकं धडावर ठेवून राजा घालवणं फार अवघड." एका मुलीने विचारलं, "बाई, हे लिहायचं का?" तुम्ही नाही म्हणालात.

मी सातपुड्याच्या पायथ्याची, शिरपूरच्या वर असलेल्या उंबरपाणीची. तुम्ही ते माझ्या दाखल्यावर पहिल्याच दिवशी वाचलं होतं. मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. बाकीच्या मुलींना एकच घोंगडी मिळाली आणि मला थंडीत दोन, यात काही वेगळं आहे असं कधी वाटलं नाही.

नर्सिंग संपून मला पहिली नोकरी लागली त्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, तुम्ही म्हणालात, "रमिला, मला तुझं गाव दाखव."

मी म्हणाले, "तिथे बघण्यासारखं काय आहे, अक्का? मोहाची झाडं आणि धूळ."

"तेच बघायचंय."

शिरपूरला गाडी बदलली. पुढच्या गाडीत खिडकीशी बसलात, आणि डोंगर दिसायला लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालात, "उंबरपाणीच्या राजाचं नाव ऐकलंयस?"

मी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे राजाची गोष्ट कुणी सांगत नाही. एवढंच माहीत होतं की गावाच्या वरच्या अंगाला एक मोकळं टेकाड आहे, आणि पायवाट त्याला वळसा घालून जाते. टेकाडावर काही नाही. झाड नाही, देव नाही, थडगं नाही. पण आम्ही पोरं त्याच्यावरून कधी धावलो नाही. पुढे डांबरी रस्ता झाला तोही वळसा घेऊनच झाला. ठेकेदाराने गावात विचारलं होतं म्हणे, सरळ का नेऊ नये. कुणी उत्तर दिलं नाही. ज्या माणसाने विचारलं, त्यानेच मग वळणाच्या आखणीसाठी चुन्याची फक्की मारली.

"तिथे गढी होती," तुम्ही म्हणालात. "माझ्या आजोबांची. तो राजा माझा आजा."

गाडी खड्ड्यात आपटली आणि मी पुढची दांडी धरली. तुम्ही सांगत होतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. मूठभर पाड्यांचं राज्य. कागदावर त्याला राज्य म्हणतही नव्हते, पण तिथल्या माणसांना त्याने काय फरक पडणार? मोहफुलं वेचली तर त्यातला वाटा गढीत. लाकूड तोडलं, वाटा गढीत. गढीत लग्न निघालं की गावोगावचे पुरुष मांडवाला आणि बायका दळणाला, वेठीने. तुम्ही मास्तरीणच. धावत्या गाडीतही कारणं ओळीने मांडलीत. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले. त्यात राजाच्या मुलीचं, म्हणजे तुमच्या आत्याचं लग्न आणि धान्याची नवी वसुली. लष्करातून परत आलेली दोन-चार पोरं, ज्यांनी बाहेरचं जग पाहिलं होतं. धुळ्याच्या मोर्चांच्या बातम्या. इंग्रज जाणार हे कळलेलं होतं.

"आणि मग मारलं का त्यांना?" मी विचारलं.

"नाही," तुम्ही म्हणालात. "आजोबांना कुणी मारलं नाही. कुणी हातसुद्धा लावला नाही. एका सकाळी लोकांनी त्यांच्याकडे बघायचं सोडलं. बस."

मला नीट कळलं नाही. कळलं ते गावात उतरल्यावर.

भर दुपार होती. दगड तापून पांढरे पडले होते. बाभळीखाली बसलेली माणसं मला बघून हसली. "रमिला, एकलीच उनी का?" एकाने विचारलं. तुम्ही माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होतात. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी म्हणाले, "एकली कशी? ह्या मन्या बाई." तो माझ्याकडे बघत राहिला, मी जणू वाक्य अर्धंच बोलले आहे आणि पुढचं बोलायची तो वाट बघतोय. मग म्हणाला, "जाय घर. ऊन लागी जाई."

पाणवठ्यावरच्या बायका माझी ख्यालीखुशाली विचारत होत्या आणि तुमच्या अंगावरून घागरी नेत होत्या. तुम्हाला धक्का लागला नाही. पाणी दगडाला टाळून जातं तशा त्या तुम्हाला टाळून जात होत्या, आणि टाळतोय असंही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. पाड्यावरचं कुत्रं परक्या माणसाला सोडत नाही. ते माझ्याभोवती शेपूट हलवत फिरलं, तुमच्या पायाजवळ येऊन थांबलं, आणि भुंकलं नाही. मला सगळ्यात जास्त त्या पोरांची भीती वाटली, अक्का. पाच-सहा वर्षांची पोरं. त्यांना कोण राजा, कुठली गढी? मीच तोवर ऐकलं नव्हतं. तरी ती माझ्या पिशवीत गोळ्या आहेत का बघत होती आणि त्यांची नजर तुमच्यावरून, वाऱ्याने पडदा हलावा तशी, न अडखळता सरकत होती. तुम्ही कोण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीही नाही. मग त्यांना कसं कळलं, हे मला आजही सांगता यायचं नाही.

आईने एकच तांब्या पाणी आणलं. मी प्यायले, उरलेलं तुम्हाला दिलं. आई ते बघत होती आणि बघतही नव्हती. माझी फुई, वडिलांची मोठी बहीण, ओट्यावर बसून चिंचा फोडत होती. तिने मान वर केली, मला "पातळ हुई गयी" म्हणाली आणि पुन्हा चिंचांत गुंतली. तुम्ही दारात खोकून उभ्या होतात. दोनदा. कुणी "या" म्हणालं नाही. मी म्हणाले, "या, अक्का." तेव्हा तुम्ही उंबरा ओलांडलात. तुमचा हात माझ्या हातात बर्फासारखा होता, बाहेर अंगार पडत असताना.

आतल्या अंधारात खाटेवर आजी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. तिने मान फिरवली.

"कोन शे तुनासंगे?"

त्या घरात त्या दुपारी तुमची चौकशी करणारी ती एकटीच. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अठे ये, माय. माले दिखत नही. माले तू चालस."

तुम्ही तिच्याजवळ खाली बसलात. तिने तुमच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, सावकाश. मग हात काढून घेतला आणि पदराला पुसला. रागाने नाही. पीठ मळून झाल्यावर पुसावा तसा.

आणि तिने सांगितलं. मला, तिच्या नातीला, जे उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं, ते तिने तुम्हाला सांगितलं. लग्नाच्या दळणाला तिलाही धरून नेलं होतं. बाळंतपण होऊन थोडेच दिवस झाले होते. मुलगी होती. बाळाला गढीच्या भिंतीच्या सावलीत निजवलं. दुपारी सावली सरकली. बाळ रडत होतं ते तिला जात्यावर ऐकू येत होतं. शिपाई उठू देत नव्हता. मग ऐकू यायचं थांबलं. संध्याकाळी तिने ते उचललं आणि सरळ राजासमोर नेऊन ठेवलं.

"राजा काय म्हणाले?" तुम्ही विचारलंत. तुमचा आवाज बदलला होता.

"काय बी नही. त्यानी देखंच नही. घोडाकडे देखी ऱ्हायंता."

लग्नातला नवा घोडा आला होता. तो पाय कसा टाकतो ते राजा बघत होता. तिने बाळ उचललं आणि ती चालत निघाली. दारातल्या शिपायाने काही विचारलं. तिला तो दिसला नाही. ती म्हणाली की खरंच दिसला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजा ओसरीवर आला तेव्हा अंगणात माणसं होती, पण कुणालाच तो दिसला नाही.

तुमच्यातली बाई तिथेही गप्प बसली नाही. "बैठक कुणी घेतली? आधी कुणी ठरवलं?"

"कोनी नही."

"मग सगळ्यांना कसं कळलं?"

आजी थोडं हसली. "पानीले उतार कोन सांगस?"

पुढचं तुमच्या घरातही थोडं माहीत होतं, पण उलट्या बाजूने. राजाने आधी आरडाओरडा केला. मग चाबूक घेतला. फटका बसेल तेवढं अंग हलायचं, मान वळायची नाही. हळूहळू शिपायांनाही तो दिसेना, शिपाई याच पाड्यांतले होते. मग स्वयंपाकीण गेली. कुणी गढीवर चालून गेलं नाही, एक दगड फेकला नाही, एक दाणा लुटला नाही. धुळ्याहून साहेब आला आणि म्हणाला, तुमचा राजा कुठे आहे. राजा त्याच्या शेजारीच उभा होता. लोक म्हणाले, "कोन राजा? अठे कोनी नही." साहेब घाबरून तसाच परत गेला, असं आजी म्हणाली. पुढे राज्यं विलीन झाली, कागदावरचा राजा कागदावरच संपला. पण गढीतला माणूस जिवंत होता. तुमची आजी मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. जाण्याआधीच्या काळात तुमचे वडील, आठ-नऊ वर्षांचं पोर, रोज ज्या पोरांशी विटीदांडू खेळायचे त्यांच्यात जाऊन उभे राहायचे. विटी त्यांच्या कानाजवळून जायची. कुणी "बाजूला हो" म्हणायचं नाही. त्यांना खोकायची सवय तिथे लागली. ती तुम्ही उचललीत.

राजा मात्र गेला नाही. एकटा राहिला, कित्येक वर्षं. निवडणूक झाली तेव्हा मत द्यायला रांगेत उभा राहिला, म्हणे. मागचा माणूस पुढे सरकायचा, मग त्याच्या मागचा. दिवसभर तो रांगेच्या शेवटीच राहिला.

"खात काय होते?" तुम्ही विचारलंत.

 आजी म्हणाली की ती रोज भाकर नेऊन ठेवायची. गढीच्या पायरीवर, न बघता. कुणी सांगितलं नव्हतं. तो मरेपर्यंत ठेवली.

तुम्ही तिचे पाय धरलेत. रडत होतात. "माय, तुझं लेकरू त्याने... आणि तू त्याला जगवलंस?"

आजीने पाय ओढून घेतले. "मरी जाता ते सुटी जाता," ती म्हणाली. "मी त्याले सुटू दिधं नही."

येताना गाडीत आपण भांडलो. आठवतं? ते भांडण पुढे वीस वर्षं चाललं, आणि अर्धंच राहिलं. तुम्ही म्हणायच्या, ती दया होती. माणूस दया करतो आणि ती दया आहे हे त्याला स्वतःलाही कबूल करवत नाही, म्हणून वर शिक्षेचा शब्द ठेवतो. मी म्हणायचे, आजी जे म्हणाली तेच तिच्या मनात होतं, तुम्ही तिच्या तोंडात तुमचे शब्द घालू नका. तुम्हाला त्या भाकरीत माफी हवी होती. मला त्यात माझ्या न पाहिलेल्या आत्याचा, त्या बाळाचा, हिशेब हवा होता.

आणि दुसरं भांडण कारणांचं. मी म्हणायचे, कारण एकच. त्याने पाहिलं नाही. तुम्ही म्हणायच्या, "एका नजरेने गादी जात नाही, रमिला. शंभर वर्षं त्या घराण्याने पाहिलं नव्हतं. तुझ्या आजीची वेळ शेवटची. दुष्काळ नसता, वसुली नसती, तर लोकांनी ते बाळही पचवलं असतं. त्याआधी किती पचवली असतील." मला तुमचा राग यायचा, कारण ते खरं असणार असं वाटायचं.

परिणामांवर तर तुम्ही मला कधी जिंकू दिलं नाहीत. मी सांगायचे: वेठ गेली. मोहफुलं घरात राहिली. माझा बाप शाळेत गेला, मी तुमच्या होस्टेलला आले. हे परिणाम नाहीत का? तुम्ही मान हलवायच्या. आणि मग मगनचं नाव काढायच्या. मगन आमच्याच पाड्यावरचा. लाकडाच्या केसमध्ये त्याने वनखात्याच्या बाजूने साक्ष दिली. दोन माणसं आत गेली. मगन कोर्टातून घरी आला तेव्हा गावात कुणाला तो दिसला नाही. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर जागा मिळेना. बायको-पोरं घेऊन तो गुजरातेत ऊसतोडीला गेला आणि परत आला नाही. तुम्ही विचारायच्या, "क्रांती झाल्यावर क्रांतीचं हत्यार कुठे ठेवतात? कुणी सांगेल का मला? तुझ्या आजीने ते राजासाठी घडवलं. ते म्यान कुणी केलं?"

मी म्हणायचे, "मगनने साक्ष का दिली?"

तुम्ही म्हणायच्या, "त्याला कुणी विचारलं का?"

उंबरपाणीला तुम्ही पुन्हा गेला नाहीत. पण तुम्ही निवृत्त झालात तेव्हा माझी बदली जळगावला झाली होती, म्हणून तुम्हीही जळगावलाच खोली घेतलीत. म्हणालात, "सावद्याची केळी इकडे स्वस्त मिळतात."  लग्न तुम्ही केलं नाहीत. एकदा मी सरळ विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "पुढे कुणाला द्यायचं होतं हे?" मला वाटलं होतं, घराण्याबद्दल म्हणताय. आता वाटतं, त्या न दिसण्याबद्दल म्हणत होतात.

शेवटच्या आजारात तुम्ही वॉर्डात होतात. मोठे डॉक्टर यायचे, तुमच्या पायथ्याशी उभे राहून तुमच्याबद्दल माझ्याशी बोलायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. एकदा तुम्ही माझा हात ओढलात. हसत होतात, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "रमिला, हे तुमच्या गावचे का?" मी म्हणाले, "नाही अक्का, हे सगळ्यांशी असेच." "तेच म्हणतेय," तुम्ही म्हणालात.

तुमच्या मागे असं सख्खं कुणी नव्हतं. सुरतेचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, मी पोचू शकत नाही, तुम्ही उरकून घ्या. जुन्या मुली आल्या, शेजारचे आले. दुसऱ्या दिवशी दुपारीच नेलं. स्मशानात लाकडं रचून झाली, तुम्हाला वर ठेवलं, आणि सगळे सावली शोधत शेडकडे सरकले. मी मडकं घेऊन उभी होते. तेव्हा फाटकाशी ती माणसं दिसली.

उंबरपाणीची. चार-पाच जण, सगळे म्हातारे. पुढे फुई, काठी टेकत. मी घरी फोन केलेला नव्हता. आईलाही कळवलं नव्हतं. धुळीने पाय पांढरे झालेले, म्हणजे स्टँडवरून चालत आले असणार, त्या उन्हात.  ते ओळीने आले आणि चितेपाशी थांबले.

आणि अक्का, त्यांनी तुमच्याकडे पाहिलं.

एकेकाने. वाकून, चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन, बाजारात बैल किंवा शेतात पीक बघतात तसं, नीट. बाभळीखालच्या त्या म्हाताऱ्याने पाहिलं. फुईने सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. तिच्या मोठ्या बहिणीचं आयुष्य गढीच्या भिंतीशी संपलं होतं, ती बहीण तिने कधी पाहिली नव्हती. आयुष्यभर तुम्हाला जे हवं होतं ते तुमच्यासमोर उभं होतं, आणि तुमचे डोळे मी कालच मिटले होते. एक क्षण मला वाटलं, मी घाई केली का? मग फुईने पदर डोळ्यांना लावला. खरंच रडत होती.  मला वाटलं, भांडण तुम्ही जिंकलात.

फुई माझ्याकडे वळली.

"इले लेकरू व्हतं का?"

प्रश्न साधा होता. गेलेल्या बाईबद्दल कुणीही विचारतं. पण मागचे सगळे म्हातारे थांबले होते, माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्यात कुणी श्वास घेत नव्हतं असं मला वाटलं. मला कळलं की ते एवढ्यासाठीच इतक्या लांबून आले होते. "नही" म्हटलं असतं तर ते खरं होतं. "नही" म्हटलं असतं तर बहुतेक सगळं तिथेच मिटलं असतं, तुमच्याबरोबर जळून गेलं असतं, आणि फुईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता.

मी म्हणाले, "मी शे."

का म्हणाले, विचारू नका. मी त्या बाळाच्या आईची नात. माझ्या तोंडून ते निघायला नको होतं. पण होस्टेलमध्ये आलेला ताप, तुम्ही कपाळावर ठेवलेल्या ओल्या पट्ट्या, ती दुसरी घोंगडी, हे सगळं कुणाचं होतं मग? तुमच्या नावापुढे पूर्णविराम देणं मला जमलं नाही.

फुईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिने मला लहानपणी खांद्यावर बसवून मोहाच्या झाडांखाली नेलेलं आहे, त्याच नजरेने पाहिलं, शेवटचं. आणि मग ती नजर माझ्यावरून, न अडखळता, मागच्या भिंतीकडे सरकली. तिने काठी उचलली. बाकीचे वळले. मी "फुई" म्हटलं. पुन्हा म्हटलं. ती अगदी माझ्या अंगाजवळून गेली, तिच्या लुगड्याचा काठ माझ्या हाताला लागला, आणि ती थांबली नाही. फाटकाशी बाभळीखालच्या म्हाताऱ्याने विचारलेलं मला ऐकू आलं, "रमिला कथी शे? दिखनी नही." आणि फुई म्हणाली, "उनी नसी."

मग मी तुम्हाला अग्नी दिला. तुमच्या जुन्या मुलींपैकी एकीने माझं मनगट धरलं.

घाबरले नाही असं लिहिलं तर तुम्ही लाल पेन्सिलने खूण कराल. घाबरले आहे. ते दोन शब्द परत घ्यावेसे मात्र अजून वाटलेले नाहीत. आईचा फोन आलेला नाही. मीही केला नाही. फोनवर आवाज ऐकून काय कळणार? रविवारी सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने शिरपूर, तिथून उंबरपाणी. आईच्या दारात जाऊन उभी राहीन. खोकणार नाही.